तीन कपाटं, एक प्रश्न: सीमाभागातल्या मराठी पुस्तकांची एकत्रित सूची करताना

आपल्या वाङ्मय मंडळाने यंदा एक काम अंगावर घेतलंय. बेळगाव-निपाणी पट्ट्यातलं कुठलं मराठी पुस्तक कुठल्या कपाटात आहे, हे एका ठिकाणी विचारलं की कळावं, अशी सूची करायची. पहिल्याच बैठकीत मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, सगळ्यांच्या याद्या घ्यायच्या, एका एक्सेलमध्ये चिकटवायच्या, झालं की!’’ नाही होत तसं. का होत नाही आणि मग काय करावं लागतं, ते सांगायला हा लेख. मी संगणक शिकवणारा माणूस, वाङ्मय मंडळात आलो तो वाचनाच्या नादाने. त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी जवळचा.

सध्या आपल्यापुढे तीन याद्या आहेत. एक आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची, ती ‘कोहा’ या मुक्त प्रणालीत आहे. (न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेली ही प्रणाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि खरोखरच ती कुणालाही फुकट मिळते.) दुसरी निपाणीकडच्या एका जुन्या वाचनालयाची. तिथे दाखल नोंदवहीवरून कुणीतरी कष्टाने एक्सेलमध्ये उतरवून घेतलंय. तिसरी सीमेपलीकडच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाची, वेगळ्या सॉफ्टवेअरमधली.

या याद्या वेगळ्या का, याचं उत्तर तांत्रिक कमी आणि ऐतिहासिक जास्त आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. ग्रंथालयांचा कायदा इकडे १९६५ चा, तिकडे महाराष्ट्रात १९६७ चा, आणि दोन्हींची रीत वेगळी. विद्यापीठंही वेगळी. इकडची महाविद्यालयं आधी धारवाडला जोडलेली, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाला. आणि निपाणीला अगदी खेटून असलेल्या अर्जुननगरचं देवचंद महाविद्यालय मात्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं. चालत जाण्याच्या अंतरावर दोन राज्यं, दोन विद्यापीठं, दोन प्रकारची तपासणी, दोन प्रकारचे नमुना-तक्ते. वाचक मात्र तोच. तो सकाळी इकडे असतो, दुपारी तिकडे.

आता एक साधा प्रश्न घेऊ. इंदिरा संतांचा ‘गर्भरेशीम’ कुठे मिळेल? साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला संग्रह, कवयित्रीचं आयुष्य बेळगावात गेलेलं, म्हणजे आपल्या भागात सापडायलाच हवा. कोहात ही नोंद मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये असते आणि पुस्तकाची आख्खी नोंद एक्सएमएल रूपात एकाच रकान्यात ठेवलेली असते. निपाणीच्या एक्सेलमध्ये ‘लेखक’ असा सरळ रकाना, त्यात ‘इंदिरा संत’. तिसऱ्या यादीत नाव रोमन लिपीत, आडनाव आधी. म्हणजे माझा प्रश्न एकच असला तरी तो तीन ठिकाणी तीन भाषांत विचारावा लागतो: तक्त्याचं नाव वेगळं, रकान्याचं नाव वेगळं, लिपी वेगळी.

यावर दोन उपाय. एक, प्रत्येक यादीची दुसऱ्या प्रत्येक यादीशी जुळवणी करायची. तीन याद्यांना तीन जुळवण्या, चालून जाईल. पण उद्या खानापूरचं, चिकोडीचं, संकेश्वरचं वाचनालय आलं आणि याद्या दहा झाल्या, की जुळवण्या होतात ४५. दुसरा उपाय, मध्ये एक सर्वांनी मान्य केलेला नमुना ठेवायचा आणि प्रत्येकाने आपली यादी फक्त त्याच्याशी जुळवायची. दहा याद्यांना दहाच जुळवण्या. या मधल्या नमुन्यालाच मेटाडेटा मानक म्हणतात. मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती. जुन्या ग्रंथालयातल्या लाकडी खणात जी कार्डं असायची, त्या कार्डावरचा मजकूर म्हणजे मेटाडेटाच. हल्लीच्या मुलांनी ती कार्डं पाहिली नसतील, पण कल्पना तीच आहे.

इथे एक गोंधळ आधीच दूर करतो, कारण बैठकीत यावरच अर्धा तास गेला. मानक म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. कार्डावर कुठले रकाने असावेत, ही पहिली. रकान्यात मजकूर कसा भरावा, आडनाव आधी की नाव आधी, ही दुसरी. आणि एका संगणकाने दुसऱ्याला ‘तुझ्याकडे हे आहे का’ असं कुठल्या शिष्टाचाराने विचारावं, ही तिसरी. रकाने ठरले म्हणून मजकूर जुळतोच असं नाही. दोघांकडेही ‘लेखक’ हा रकाना आहे, पण एकाने ‘संत, इंदिरा’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘सौ. इंदिराबाई संत’, तर संगणकाच्या लेखी त्या दोन बायका.

पहिल्या गोष्टीसाठी आपल्यापुढे मुख्य उमेदवार दोन. डब्लिन कोअर हे त्यातलं सोपं. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी काही ग्रंथपाल आणि संगणकवाले जमले, तिथे त्याचा पाया पडला. (आयर्लंडशी काही संबंध नाही, उगाच कुणी परीक्षेत लिहू नका.) त्यात पंधरा घटक: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, तारीख, भाषा वगैरे. एका पानावर मावतं, कुणालाही अर्ध्या तासात शिकवता येतं. दुसरा उमेदवार मार्क २१. साठच्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम या बाईंच्या नेतृत्वाखाली मार्क तयार झालं. गंमत म्हणजे त्या मूळच्या ग्रंथपाल नव्हत्या, प्रोग्रॅमर होत्या. ‘मार्क २१’ हे नाव १९९९ चं. यात रकान्यांना नावं नसून तीन आकडी क्रमांक असतात: १०० म्हणजे मुख्य लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, २६४ म्हणजे प्रकाशनाचा तपशील. नवख्याला हे रेल्वेच्या वेळापत्रकासारखं दिसतं.

बैठकीत बहुमत डब्लिन कोअरकडे होतं, आणि ते स्वाभाविक आहे. आपले सूची करणारे बी.ए.ची मुलं आणि निवृत्त शिक्षक. त्यांना २४५ चा उपरकाना ‘क’ कशाला शिकवायचा? पण मानक निवडताना ‘भरायला सोपं कुठलं’ एवढंच विचारून भागत नाही. ‘आपल्याला पुढे कुठले प्रश्न विचारायचेत’ हे आधी विचारावं लागतं. मी तीन अवघड पुस्तकं घेऊन दोन्ही मानकं तपासून पाहिली.

पहिलं ‘क्रिस्तपुराण’. थॉमस स्टीफन्स या गोव्यात आलेल्या इंग्रज जेजुइट धर्मगुरूंनी रचलेलं आणि १६१६ साली प्रथम छापलेलं हे ओवीबद्ध मराठी पुराण. मूळ छपाई रोमन लिपीत, वरचं नाव पोर्तुगीज. पुढे १६४९ आणि १६५४ ला पुन्हा छापलं गेलं. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी रोमन लिपीतच संपादित आवृत्ती काढली. देवनागरीत छापील आवृत्ती आली ती १९५६ साली, शांताराम बंडेलूंची, पुण्याहून. शिवाय लंडनला देवनागरी हस्तलिखित आहे. आता विद्यार्थ्याने ‘क्रिस्तपुराण’ असं टाइप केलं, तर रोमन आवृत्ती त्याला दिसावी की नाही? दिसायलाच हवी, ग्रंथ एकच आहे. पण नोंदीतलं छापील शीर्षक वेगळं, लिपी वेगळी. लेखकाचं नाव कुठे स्टीफन्स, कुठे पोर्तुगीज वळणाचं एस्तेव्हांव. मार्कमध्ये याची सोय आहे: २४० या रकान्यात ग्रंथाचं एकच ठरलेलं नाव लिहायचं, मग आवृत्ती कुठल्याही नावाची असो, ती त्या नावाखाली येते. संपादकाचं नाव ७०० मध्ये, आणि तो ‘संपादक’ आहे हे तिथेच सांगता येतं. साध्या डब्लिन कोअरमध्ये साल्ढाणा आणि बंडेलू हे दोघे नुसते ‘सहयोगी’ होतात. सहयोगी म्हणजे काय केलं त्यांनी? अनुवाद, संपादन, की प्रस्तावना? कळत नाही. डब्लिन कोअरच्या बाजूने एक सांगायला हवं: भाषेच्या रकान्यात ‘मराठी, रोमन लिपी’ असा नेमका संकेत देता येतो, आणि तो मार्कच्या ५४६ पेक्षा सुटसुटीत आहे.

दुसरं पुस्तक ‘वनवास’. लंपनच्या गोष्टी कुणी वाचल्या नाहीत असा माणूस आपल्या मंडळात नसावा. लेखक प्रकाश नारायण संत. हे लेखनासाठी घेतलेलं नाव. व्यवहारातलं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. इंदिराबाई या त्यांच्या आई, आणि माहेरच्या त्याही दीक्षितच. एखाद्या जुन्या वाचनालयात कुणी जाणकार ग्रंथपालाने ‘दीक्षित, भा. गो.’ अशी नोंद केली, तर ती चूक म्हणता येणार नाही. पण मग शोधणाऱ्याला चार पुस्तकांपैकी तीनच सापडतील, आणि चौथं या भागात नाही असं समजून तो पुण्याहून मागवेल. म्हणून नावांची एक वेगळी ‘अधिकृत नामसूची’ ठेवावी लागते: प्रत्येक लेखकाचं एक ठरलेलं रूप आणि त्याखाली बाकीची सगळी रूपं. मार्कमध्ये यासाठी स्वतंत्र नोंदप्रकारच आहे. ठरलेलं रूप १०० मध्ये, पर्यायी रूपं ४०० मध्ये. जगभरातल्या मोठ्या ग्रंथालयांच्या अशा नामसूच्या एकत्र करणारी ‘व्हायाफ’ नावाची सोयही आहे, तिथून पुष्कळ मराठी लेखकांची रूपं आयती मिळतात. तिथली रोमन रूपं पाहून दचकू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतराच्या नियमाप्रमाणे मराठी शब्दाच्या शेवटचा न उच्चारलेला ‘अ’ लिहायचाच असतो, त्यामुळे ‘संत’ चं ‘संता’ होतं. नियम म्हणून ठीक, पण आपल्याकडचा मुलगा तसं कधीच टाइप करणार नाही.

तिसऱ्या उदाहरणाने माझं मत पक्कं झालं. बेळगावात मराठी साहित्य संमेलनं भरली: १९२९ साली शिवराम महादेव परांजपे अध्यक्ष, १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर, आणि २००० साली य. दि. फडके. १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा ठराव झाला, म्हणून त्याचं नाव इतिहासात राहिलं. अशा संमेलनाच्या निमित्ताने छापलेलं साहित्य, आणि त्या काळात बेळगावच्या छापखान्यांतून निघालेली एकूण पुस्तकं शोधणं, हे खरं तर आपल्या सूचीचं मुख्य काम. म्हणजे प्रश्न असा: ‘१९५६ च्या आधी बेळगावात छापलेलं मराठी पुस्तक दाखव.’

हा प्रश्न साध्या डब्लिन कोअरला विचारताच येत नाही. प्रकाशनस्थळाला तिथे स्वतंत्र घटकच नाही. कुणी ते प्रकाशकाच्या नावाला चिकटवतो, कुणी ‘व्याप्ती’ या घटकात टाकतो. पण व्याप्ती म्हणजे पुस्तक कुठल्या प्रदेशाविषयी आहे ते, कुठे छापलं ते नव्हे. मग बेळगावात छापलेला पाककृतींचा संग्रह आणि पुण्यात छापलेला बेळगावचा इतिहास एकाच उत्तरात येतात. मार्कमध्ये २६४ चा पहिला उपरकाना फक्त प्रकाशनस्थळासाठी आहे. संमेलनासाठी तर १११ हा खास रकाना: संमेलनाचं नाव, वर्ष, ठिकाण. एवढ्या एका कारणासाठी मी मार्कच्या बाजूला गेलो.

जाता जाता सांगतो. मार्कच्या ००८ या रकान्यात प्रकाशन कुठल्या देशात झालं याचा संकेत असतो. अमेरिकेच्या राज्यांना वेगवेगळे संकेत आहेत, पण भारतासाठी एकच, ‘आयआय’. राज्य विचारतच नाही. १९४६ चं बेळगाव मुंबई इलाख्यात दाखवायचं की आजच्या कर्नाटकात, या वादावर बैठकीत जो आवाज चढला होता, तो या रकान्यापुरता तरी खाली आला.

गावाच्या नावाचं मात्र ठरवावं लागेल. जुन्या मुखपृष्ठावर ‘बेळगांव’, आपण लिहितो ‘बेळगाव’, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव ‘बेळगावी’. माझा प्रस्ताव असा की २६४ मध्ये पुस्तकावर छापलंय तसंच उतरवायचं आणि ७५१ या स्थळनामाच्या रकान्यात एकच ठरलेलं रूप द्यायचं. छापलेलं बदलायचं नाही. तो पुरावा आहे.

आता रकान्यात मजकूर कसा भरायचा, याकडे वळू. आपली खरी परीक्षा इथेच आहे, कारण इंग्रजी पुस्तकांसाठी केलेले नियम मराठीला पुरत नाहीत. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नांव’, ‘गांव’ असं छापलेलं. आजचा वाचक ‘काही’ टाइप करेल आणि ‘कांहीं’ त्याला सापडणार नाही. तेव्हा २४५ मध्ये छापील शीर्षक, २४६ मध्ये आजच्या लेखनातलं शीर्षक. तारखेचंही तसंच. जुन्या पुस्तकावर शके १८५१ असतं. त्यात ७८ मिळवले की १९२९, पण शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे माघ-फाल्गुनातलं पुस्तक १९३० चं असू शकतं. दोन्ही लिहायचं.

आणि एक छुपा शत्रू: दिसायला सारखी, पण संगणकात वेगळी अक्षरं. ‘दुसऱ्या’ या शब्दातला तो पाय मोडलेला र दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो, एकदा साध्या र पुढे हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह देऊन, एकदा वेगळ्या ऱ पासून. पडद्यावर काडीचा फरक दिसत नाही, शोध मात्र फसतो. निपाणीच्या यादीत तर काही पानं युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. फाँट काढला की उरतात नुसती निरर्थक इंग्रजी अक्षरं. ती आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय मानकाची चर्चाच व्यर्थ आहे.

तिसरी गोष्ट, विचारण्याचा शिष्टाचार. झेड ३९.५० नावाचा जुना, भक्कम करार आहे. १९८८ ला पहिल्यांदा मंजूर झाला, पुढे आंतरराष्ट्रीय मानकही बनला. त्यात माझा संगणक त्याच क्षणी तिन्ही ग्रंथालयांना प्रश्न विचारतो. त्याला रकान्यांची नावं माहीत असावी लागत नाहीत, कारण प्रश्नच आकड्यांत असतो: ४ म्हणजे शीर्षक, १००३ म्हणजे लेखक. समोरचा आपल्या डेटाबेसमध्ये तो आकडा कुठल्या रकान्याशी जुळतो ते स्वतः बघतो. वेगवेगळ्या प्रणालींना एकच प्रश्न विचारण्याची ही कल्पना मला फार आवडते, वर्गातही मी ती नेहमी सांगतो. पण त्यासाठी तिन्ही संगणक त्या क्षणी चालू हवेत. वाचनालयाचा संगणक संध्याकाळी दोन तास चालू असतो, तोही वीज असली तर. उत्तर सगळ्यात संथ ग्रंथालयाच्या गतीने येणार, किंवा येणारच नाही. त्यामुळे आपल्यासाठी दुसरी रीत बरी: ज्याची यादी तयार असेल त्याने ती द्यायची, आपण सगळ्या नोंदी मध्यवर्ती ठिकाणी गोळा करून ठेवायच्या आणि शोध तिथेच करायचा. यासाठी ओएआय-पीएमएच नावाचा करार २००१ पासून आहे आणि कोहात तो आहेच. त्यात नोंदी किमान साध्या डब्लिन कोअरमध्ये द्याव्याच लागतात, हवं तर सोबत मार्कही देता येतं. ज्यांच्याकडे फक्त एक्सेल आहे, त्यांची फाइल पेनड्राइव्हवर आणली तरी चालेल.

म्हणून माझा प्रस्ताव दुहेरी आहे. मध्यवर्ती सूची मार्क २१ मध्ये, कोहावर. मुलांना मात्र मार्क दाखवायचंच नाही. त्यांना द्यायचा मराठी मथळ्यांचा एक साधा तक्ता: छापील शीर्षक, आजच्या लेखनातलं शीर्षक, लेखक जसा छापलाय तसा, लेखकाचं ठरलेलं रूप, संपादक किंवा अनुवादक आणि त्याची भूमिका, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, शके, इसवी सन, लिपी, पुस्तक कुठे आहे, दाखल क्रमांक. हा तक्ता ‘मार्कएडिट’ या फुकट मिळणाऱ्या साधनातून मार्कमध्ये बदलता येतो. बाहेरच्या जगाला, म्हणजे उद्या कुणी राष्ट्रीय पातळीवरची सूची आपल्याकडून नोंदी मागेल तेव्हा, डब्लिन कोअर द्यायचं. मार्कमधून डब्लिन कोअर काढता येतं, तपशील गळतो पण काम होतं. उलट दिशेने, गळलेला तपशील परत आणता येत नाही.

हे घाईने ठरवायचं कारण सांगतो. आपल्या पट्ट्यातल्या एका वाचनालयाची यादी एका खासगी सॉफ्टवेअरमध्ये होती. ते बनवणारा माणूस गाव सोडून गेला, संगणक बिघडला, आणि नोंदी बाहेर काढण्याची सोयच त्यात नव्हती. आज तिथे पुस्तकं आहेत, यादी नाही. कार्यकारिणीतले बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे. इमारतीची दुरुस्ती निघाली की कपाटं हलतात, आणि हलताना कुठली पुस्तकं रद्दीत गेली हे सांगायला यादी लागते. मार्कची फाइल मात्र कुठल्याही प्रणालीत उघडते. प्रणाली बदलली, माणूस गेला, तरी नोंद राहते.

एक प्रश्न मी अजून सोडवलेला नाही, तो पुढच्या बैठकीत घेऊ. आपल्या महाविद्यालयात अशी बरीच मुलं आहेत जी घरी मराठी बोलतात, मराठी वाचतात, पण शाळा कन्नड माध्यमाची असल्यामुळे फोनवर कन्नड लिपीतच पटापट टाइप करतात. ती ‘इंदिरा संत’ हे नाव कन्नड अक्षरांत लिहून शोधतील. नामसूचीच्या ४०० मध्ये कन्नड लिपीतलं रूप टाकलं तर लेखक सापडेल, तेवढं सोपं आहे. पण शीर्षकांचं काय? मार्कमध्ये ८८० हा रकाना दुसऱ्या लिपीतल्या रूपासाठी आहे, मात्र प्रत्येक शीर्षक कन्नड लिपीत कोण लिहिणार? दोन्ही लिप्यांची रचना जवळची असल्याने हे काम प्रोग्रॅमने होईल असं मला वाटतं. अडचण येईल ती न उच्चारलेल्या शेवटच्या ‘अ’ ची, आणि ‘च’, ‘ज’, ‘झ’ च्या आपल्या दोन उच्चारांची. कन्नड विभागातल्या दोन विद्यार्थिनींनी पन्नास शीर्षकं हाताने लिहून द्यायचं कबूल केलंय. ती प्रोग्रॅमच्या उत्तराशी ताडून पाहू. ज्यांना यात हात लावायचाय त्यांनी शनिवारी दुपारी संगणक कक्षात यावं, येताना घरातलं १९५६ पूर्वीचं एखादं मराठी पुस्तक आणलंत तर त्याचीच पहिली नोंद करू.